कितीपैकी अकरा

कमल सिस्टरना ‘नेहमी’ हा शब्द चालत नसे. ‘सगळं’ आणि ‘कधीच’ हेही चालत नसत. बाबा नेहमी विसरतात, असं कुणी त्यांच्यासमोर म्हटलं की त्या पेन खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, “नेहमी म्हणजे किती वेळा?” समोरच्याने दहा-बारा वेळा असं काहीतरी सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असायचा, “कितीपैकी?”

हा दुसरा प्रश्न बहुतेकांना कळत नसे. मला तो पहिल्याच दिवशी कळला. मी जिनिंगमध्ये नोकरी करतो. शेतकऱ्याची गाडी आली की आतला कापूस वेगवेगळ्या ठिकाणांहून काढून त्याचा ओलावा मोजायचा, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. गाडीच्या एकाच कोपऱ्यातला भिजका कापूस मोजून सगळी गाडी नापास करणारा माणूस मी स्वतः कामावर ठेवणार नाही. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो.

आमच्या मोहल्ल्यात, सिंधीपुऱ्यात, सिस्टरचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मधे इंदूरला काही महिन्यांचं शिक्षण घेऊन आल्या आणि मानसिक आजारांच्या खोलीत बसू लागल्या. डॉक्टर बाहेरगावाहून आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांच्यापुढे जाण्याआधी पेशंटला दिवस-वार कळतो का, आपण कुठे आहोत ते कळतं का, लक्षात किती राहतं, बोललेलं समजतं का, हे सिस्टर तपासून ठेवायच्या. छापील कागद होता. त्याला तीस मार्क होते.

माझी आई विसरायला लागली तेव्हा मी तिला त्या खोलीत घेऊन गेलो. शेजारी असूनही सिस्टरनी ओळख दाखवली नाही. “काय तक्रार?”

मी म्हटलं, “आई सगळं विसरते.”

“सगळं? मग घास गिळायचंही विसरत असतील.”

“तसं नाही, सिस्टर. सांगितलेलं काही लक्षात राहत नाही.”

“किती वेळा? कितीपैकी?”

मला सांगता येईना. माझ्यासारख्याला सांगता येईना, याची मला लाज वाटली. त्यांनी मला आठ दिवस मोजायला लावलं. आईला काय सांगितलं, कधी सांगितलं, कुठून सांगितलं, लक्षात राहिलं की नाही. मी नीट चार रकाने आखून लिहिलं. बावीस वेळा सांगितलं, नऊ वेळा राहिलं नाही. सिस्टरनी कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “या नऊ वेळा माग चालू होते का?”

आमच्या घरामागे पॉवरलूमचे आठ माग आहेत. लाइट असली की ते चालतात आणि आम्ही एकमेकांशी ओरडून बोलतो. मी वेळा ताडून पाहिल्या. नऊच्या नऊ वेळा माग चालू होते.

“विसरत नाहीत त्या. त्यांना ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा,” असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आई पुढे सहा वर्षं जगली, कानात मशीन लावून, आणि शेवटपर्यंत माझ्या चुका तिच्या लक्षात होत्या. त्या नऊ नोंदींनी तिला वाचवलं. म्हणजे सिस्टरनी वाचवलं. आकडे माझे होते.

त्याच खोलीबाहेरच्या बाकावर नंबर यायची वाट पाहताना मी आणखी एक तपासणी पाहिली होती. दार उघडंच असायचं, पंखा चालत नसे म्हणून. फोपनार गावची एक बाई होती, साठीच्या पुढची, नवरा गेलेला. बरोबर दोन पुतणे. काकीचं डोकं फिरलं आहे असा कागद त्यांना हवा होता. शेत तिच्या नावावर होतं. सिस्टरनी छापील कागदावरून तारीख विचारली. बाईला सांगता आली नाही. पुतणे एकमेकांकडे बघून हसले.

सिस्टरनी विचारलं, “आज वार कोणता?”

“उद्या बजार हाये ना, मंग आज बुधवार.”

मग शंभरातून सात वजा करायचे होते. बाई बोटं मोजायला लागली. सिस्टरनी कागद उलटा करून ठेवला. “शंभर खोडं होते केळीचे. वारं सुटलं, सात पडले. किती राहिले?”

“त्र्याण्णव. पण सातच कशे पडतीन, बाई? पडले की ओळच्या ओळ पडते.”

“बरं. परत सात पडले.”

“शहाऐंशी. आता पुरे करा, बाग खाली होईन माही.”

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी भरीत करताना आधी काय करतेस, असं विचारलं. बाई म्हणाली, “आधी वांगं त आना लागते ना, बाई!” शेवटी सिस्टरनी काहीतरी लिहिलं आणि पुतण्यांना म्हणाल्या, “काकी ठीक आहे. तुमच्यापैकी कुणाला तपासायचं असेल तर नंबर लावा.”

त्या छापील कागदाशी त्यांचं रोजचं भांडण होतं. त्यात एक पायरी अशी होती : कागद उजव्या हातात घ्या, अर्धा दुमडा, जमिनीवर ठेवा. सिस्टर म्हणायच्या, “आपली माणसं कागद जमिनीवर ठेवत नाहीत. पाय लागेल म्हणून मांडीवर ठेवतात, टेबलावर ठेवतात. मग एक मार्क गेला. अक्कल जास्त म्हणून मार्क कमी!” त्या पेशंटला मांडीवरच ठेवायला सांगायच्या. वरून कुणी तपासायला आलं तर भांडायची तयारी ठेवून होत्या. कुणी तपासायला आलं नाही.

सिस्टर म्हणजे गोड बाई होती असं मी म्हणणार नाही. कोरडी होती. उजव्या मनगटावर, आतल्या बाजूने घड्याळ. साडीला खांद्यावर दोन पिना. कुणाचं दुःख ऐकताना मधेच घड्याळ बघायची. रिटायर झाल्यावरही सवय सुटली नाही. चहाला येणाऱ्याला बसल्याबसल्या तीन शब्द द्यायच्या, “केळं, कुलूप, नदी. लक्षात ठेव,” आणि निघताना परत विचारायच्या. तीस वर्षं तेच तीन शब्द. माझी बायको मंगला चिडायची. “मावशी चहा पाजतात का पेपर घेतात?” गल्लीतले लोक त्यांना लांबून पाहिलं की स्वतःहूनच म्हणायचे, “केळं, कुलूप, नदी, सिस्टर! झालो पास!” आणि त्या उत्तर द्यायच्या, “पाठ करून पास होणाऱ्याचे मार्क मी धरत नाही.”

दुसरा नियम इशाऱ्याचा. पेशंटला आठवत नसेल तर नातेवाईक तोंडात शब्द घालतात, खोकतात, भिंतीकडे बोट करतात. सिस्टर त्यांना बाहेर काढायच्या. “इशारा द्यायचा नाही. तुम्हाला वाटतं मदत करताय. तुम्ही त्याचा आजार लपवताय.”

त्यांचा मुलगा प्रशांत इंदूरला असतो. एकदा दिवाळीत माझ्याशी बोलताना म्हणाला होता, “काका, आईनं मला कधी शाबास म्हटलं नाही. तीसपैकी सत्तावीस, एवढंच म्हटलं.” तो हसत होता, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

सिस्टरच्या डोक्यात काहीतरी होतंय, हे सगळ्यांत आधी सिस्टरनाच कळलं. एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या. हातात शंभर पानी वही.

“सुरेश, माझं दूध उतू जायला लागलंय. मोजशील?”

मी म्हटलं, “सिस्टर, दूध सगळ्यांचंच जातं.”

“सगळ्यांचं मला सांगू नकोस. माझं मोज. भिंतीपलीकडून वास येतोच तुला. रस्ता चुकले तर लिही. गॅस राहिला तर लिही.”

“मंगलाला सांगू का? ती घरीच असते.”

“मंगला दया करेल. तू करणार नाहीस.”

मी ते कौतुक समजलो. आजही मला त्या वाक्यात दुसरं काही सापडत नाही. म्हणूनच ते टोचतं.

वहीचं कारण त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. प्रशांत त्यांना इंदूरला न्यायला निघाला होता. बोहरा गल्लीच्या तोंडाशी त्या एकदा घरचा रस्ता न आठवून थांबून राहिल्या होत्या, कुणीतरी त्याला फोन केला होता. सिस्टरना जायचं नव्हतं. हे घर त्यांनी नवऱ्यामागे स्वतःच्या पगारावर बांधलं होतं, आणि मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला त्या तयार नव्हत्या. पण त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी मुलाशी ठराव केला. दोन महिने थांबायचं, मग डॉक्टरकडून रीतसर तपासणी करायची. एकटी राहू शकते असं डॉक्टर म्हणाले तर राहीन. नाही म्हणाले तर मुकाट्याने येईन. आयुष्यभर ज्या तपासणीवर विश्वास ठेवला तिच्यावरच त्यांनी आपलं घर लावलं.

मी दोन महिने मोजलं. एकसष्ट दिवस. सकाळ-संध्याकाळ करपलेल्या दुधाचा वास आला की मी तारीख आणि वेळ लिहीत होतो. अकरा वेळा आला. दोनदा त्या रस्ता चुकल्या. एकदा गॅस चालू राहिला. मीच जाऊन बंद केला. एकदा त्या साडीला दोन पिना लावून रिक्षाने दवाखान्यात गेल्या आणि जुन्या खोलीत खुर्चीवर बसल्या. तिथल्या नव्या पोरीने घरी आणून सोडलं. तेही लिहिलं. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

तपासणी खाजगी दवाखान्यात झाली. डॉक्टर हिंदी बोलणारी तरुण मुलगी होती. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. आवाज मऊ होता, सिस्टरना ती ‘आंटी’ म्हणत होती, घाई करत नव्हती. प्रशांत आणि मी मागच्या खुर्च्यांवर. मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो.

सिस्टरनी तारीख एका दिवसाने चुकवली. वार, महिना, साल, गाव, जिल्हा बरोबर. “कौन सी मंज़िल पर हैं?” पहिली म्हणाल्या, आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो, लिफ्टने आलो होतो. शंभरातून सात काढत काढत त्या पासष्टपर्यंत गेल्या. डॉक्टर बस म्हणाली, तरी त्या दोनपर्यंत पोचूनच थांबल्या.

मग कागदाची पायरी आली. “इसे दाएँ हाथ में लीजिए, आधा मोड़िए, ज़मीन पर रख दीजिए.” सिस्टरनी कागद घेतला, नीट कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडला आणि मांडीवर ठेवला. डॉक्टर थोडी थांबली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकत होतो. पण इशारा द्यायचा नाही हा नियम त्यांचाच, आणि मी खाली पाहिलं.

सुरुवातीला डॉक्टरने तीन शब्द दिले होते : सेब, मेज़, सिक्का. सिस्टरनी ते लगेच परत म्हणून दाखवले होते. आता तिने विचारलं, “आंटी, वो तीन शब्द कौन से थे?”

सिस्टर अजिबात न अडखळता म्हणाल्या, “केळं, कुलूप, नदी.”

प्रशांतने डोळे मिटून घेतले. डॉक्टरने परत विचारलं. सिस्टरनी परत तेच सांगितलं, थोडं जोरात, पेशंटला समजावतात तसं. तीनपैकी शून्य.

बघून काढायच्या चित्रात एक रेघ सुटली, त्याचा एक गेला. एकूण तीसपैकी तेवीस. मी तिथेच बेरीज केली, डॉक्टरच्या आधी.

डॉक्टर प्रशांतला म्हणाली, “तेईस पर तो मैं रुककर दुबारा देखती. घर में ये कैसी रहती हैं, वो ज़्यादा ज़रूरी है. कौन बताएगा?”

प्रशांतने माझ्याकडे हात केला. मी वही उघडली आणि वाचलं. दोन महिन्यांत दूध उतू गेलं, ग्यारह बार. रास्ता भूलीं, दो बार. गॅस, एक बार. पुराने दवाखाने चली गईं, एक बार. मी तारखाही सांगितल्या. आवाज स्वच्छ होता माझा.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होत्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. आता खोटं कशाला लिहू? डॉक्टरने ‘कितीपैकी’ विचारलं नाही. तिने ‘ग्यारह बार’ लिहून त्याखाली रेघ ओढली. आणि मला जेवढं विचारलं तेवढंच सांगायची सवय आहे. त्या दोन सेकंदांत मी माझ्या सवयीमागे लपलो. वही इतकी चोख ठेवली म्हणून डॉक्टर मला ‘बहुत अच्छा’ म्हणाली होती, तेही मला ऐकायला बरं वाटलं होतं.

“अकेले रखना ठीक नहीं,” डॉक्टर म्हणाली.

सिस्टर उठल्या. मांडीवरचा दुमडलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. जिन्याने उतरताना माझा हात धरला नाही. खाली आल्यावर प्रशांतला म्हणाल्या, “कधी निघायचं?” ठराव पाळला त्यांनी.

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी आमच्या घरी दूध उतू गेलं. मंगला शेगडी पुसत होती. मी म्हटलं, “हे तुझं नेहमीचं आहे.”

ती वळली. “नेहमीचं म्हणजे किती वेळा?”

ती सिस्टरची नक्कल करत होती, मला चिडवायला. पण मी एक नवी वही काढली. एकसष्ट दिवस मोजलं. सकाळ-संध्याकाळ मिळून एकशे बावीस वेळा दूध तापलं. नऊ वेळा उतू गेलं. मंगला शेहेचाळीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवत होती, तिच्या डोक्याला काही झालेलं नाही. एकशे बावीसपैकी नऊ. सिस्टरचे एकशे बावीसपैकी अकरा. फरक दोनचा.

रस्ता चुकल्या त्याचं काय, गॅसचं काय, जुन्या खोलीत जाऊन बसल्या त्याचं काय, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. आजार नव्हता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी तराजू कलला तो अकराने, आणि अकरा मी अर्धाच सांगितला होता. गाडीचा ओला कोपरा तेवढा काढून मी त्या मुलीच्या हातात दिला होता.

मी प्रशांतला फोन केला, आकडे सांगितले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “काका, झालं आता ते. इथे बाई ठेवली आहे. घर पण दिलंय भाड्याने.”

घर दिलं होतं हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडे आता साड्यांचं गोडाऊन आहे. कशाचाच वास येत नाही.

आठ महिन्यांनी जिनिंगच्या कामाने इंदूरला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे गेलो. दुपारची वेळ. चौथा मजला. सिस्टर खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. गाऊन घातला होता, घड्याळ नव्हतं. सुनेने सांगितलं, मनगटाला रुततं म्हणून काढून ठेवलं. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी होती.

सून म्हणाली, “ओळखणार नाहीत काका तुम्हाला. सगळंच विसरतात आता.”

‘सगळंच’ ऐकून मी सिस्टरकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सून चहा टाकायला आत गेली.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो. नाव सांगितलं, सिंधीपुरा सांगितलं. त्यांनी पेशंटच्या नातेवाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. जुनी वही मी पिशवीत आणली होती. का आणली होती कुणास ठाऊक. ती काढून मी म्हटलं, “सिस्टर, एका बाईंचं सांगायचं राहिलं होतं. दूध उतू गेलं, अकरा वेळा.”

त्यांचा चेहरा बदलला. पाठ सरळ झाली.

“कितीपैकी?”

“एकशे बावीसपैकी.”

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली, पेन दिलं. माझ्या अकराखाली त्यांनी एक रेघ ओढली आणि तिच्याखाली एकशे बावीस लिहिलं, आकड्यांत, सुबक. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे की ही बाई. हिला इथे कशाला आणलंत? घरी जाऊ द्या.”

मी वहीसाठी हात पुढे केला, त्यांनी ती दिली नाही.

“नाव सांगा,” त्या म्हणाल्या. “लिहून देते.”

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. इशारा द्यायचा नाही, हे मला आठवत होतं. मी नाव सांगितलं.

‘कमल महाजन’, त्यांनी लिहिलं, आणि पुढे ‘घरी पाठवावे’. लिहिताना हात कुठेही अडखळला नाही.